निळ्या लुगड्याची पट्टी

अंगणवाडी म्हणजे नुसती खिचडी, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी वाद घालणं मी केव्हाच सोडून दिलं. खिचडी मीच शिजवायची, मदतनीस होते ना मी. तांदूळ मी निवडायचा, डाळ मी धुवायची, धूर माझ्या डोळ्यांत, आणि गावातले लोक तोंड वर करून म्हणायचे, ‘कुसुमबाई, तुमचं बरं आहे, सावलीत बसून काम.’ बसून! बाप्पा रे! ज्याला एवढी हौस असेल त्यानं तीन-तीन वर्षांची खोलीभर पोरं घेऊन एक सकाळ बसून दाखवावं. जाऊ द्या. सांगायचं आहे ते आमच्या सेविकेबद्दल, धुरपताबाईबद्दल. माझ्या नोकरीची सगळी वर्षं तिच्याबरोबर गेली. तिला मी थकलेलीच पाहिली, अगदी पहिल्या दिवसापासून.

आमचा टोला, छोटीशी वस्ती, सालेकशाहून आत, जंगलाच्या कडेला. रात्री वारा तिकडून असला की गाडीची शिट्टी ऐकू येते, एवढंच काय ते शहराचं नातं. घरं बहुतेक गोंडांची, मधे आमची चार-दोन बौद्धांची. १९९९ साली अंगणवाडी सुरू झाली तेव्हा गावानं जागा दिली ती टोल्याच्या टोकाला, जी कोणालाच नको होती. पुढे थोडी मोकळी जमीन, मग उतार, मग पाणी अडवणारी मातीची पाळ, आणि पाळीपलीकडे बोडी. बोडी म्हणजे छोटं तळं. आमच्या जिल्ह्यात गाव म्हटलं की एखादी बोडी असतेच, धानाला पाणी तिचंच. लहान पोरांच्या खोलीसमोर पाणी कशाला, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

धुरपताबाई उंच, हाडापेरानं मोठी. नवरा उदाराम रेल्वेच्या पटरीवर कामाला, दोन मुली लग्न होऊन सासरी गेलेल्या. लहानपणापासून दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत चिखलात उभं राहून रोवणा, म्हणजे लावणी केलेली, त्यामुळे गुडघे तरुणपणीच गेले होते. बसताना ‘माय वं’, उठताना ‘माय वं’. पोरांनाही ते इतकं पाठ झालं होतं की ती उठायला लागली की सगळी एका सुरात ओरडायची, ‘माय वं!’ ती रागावायची नाही. रागावायलाही जोर लागतो.

सुरुवातीला गोंदियाला ट्रेनिंग झालं. तिथं काय काय शिकवलं, त्यातलं तिला किती कळलं, कोण जाणे. परत आली ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन. म्हणाली, “कुसुम, लेकरू खाली सोडलं पायजे वं. कडेवर ठेवून ठेवून त्याचे पाय कच्चे राहून जातात.”

आमच्याकडच्या बाया लेकराला खाली ठेवत नाहीत. कडेवर नाहीतर झोळीत. मोहाच्या दिवसांत पहाटेच जंगलात फुलं वेचायला जावं लागतं, तेव्हा जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडतात, एक टोक लेकराच्या कमरेला आणि दुसरं छपरीच्या खांबाला. सगळ्यांनी बांधलेलं, सगळे बांधलेले. मीही बांधली जाऊन मोठी झाले. ह्यात कोणाचा दुष्टपणा नाही. घरात पेटती चूल, घरामागच्या सांदवाडीत साप, आणि बोडी तर दारातच. धुरपताबाई कोणाशी भांडली नाही. एवढंच म्हणायची, “बांधू नका. माझ्याकडं आणून सोडा, मी पाहतो.”

आणि ती पाहायची. उदारामनं अंगणात खुंटं रोवून त्यांवर दोन आडवे बांबू बांधून दिले होते, पोरांच्या छातीला लागतील इतक्या उंचीचे. दोन्ही हातांनी धरून पोरं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, ती बाजूनं वाकून त्यांच्यासोबत. बोटांसाठी सुपात लाखोळी आणि हरभरा एकत्र करून द्यायची, एकेक दाणा चिमटीत धरून वेगळा करायचा. तान्हा पोळा आला की मातीचे बैल. धान कापून झालं की सगळ्यांना रांगेनं धुऱ्यावर न्यायची आणि हात पसरून त्या अरुंद बांधावरून चालवायची. जो खाली पडेल त्याला बाकीचे हसायचे, आणि तो हसत हसत परत वर चढायचा. आणि ज्या दिवशी एखादं लेकरू बांबू सोडून एकटं दारापर्यंत येई, त्या दिवशी त्याच्या तोंडात गुळाचा खडा, आणि हिची आरोळी, “चालली वं, चालली!” सगळ्या टोल्याला ऐकू जायची. आई पिठाच्या हातानं धावत यायची.

आता जमुनाचं सांगते. जमुना म्हणजे जंगलूची बायको. त्यांचं घर आमच्या अंगणवाडीच्या बाजूलाच, सगळ्यांत शेवटचं, घरामागे थेट पाळ. पहिली मुलगी रीना. दुसरं वर्ष सरलं तरी रीना चालेना. धरून उभी केली की पाय गोळा करून घ्यायची. जमुना पोरसवदाच होती, रडायची, म्हणायची, “माझ्या पोरीत काय कमी हाय वं बाई?” धुरपताबाईनं त्या पोरीचा ध्यासच घेतला. अख्खा पावसाळा तिला बांबूशी उभी केली. पाय तेलानं चोळले, कमरेला धरलं, एका हाताला धरलं, मग एका बोटाला. माझ्या तर डोक्यात जायचं. बाकीची पोरं एकमेकांच्या उरावर बसून राहिली आणि ही बाई एका पोरीपायी वाकून उभी.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी रीनानं बांबू सोडला. डुलत डुलत, हात वर धरून, दारापर्यंत आली. धुरपताबाई अशी ओरडली की माझ्या हातातला पळा पडला. जमुना धावत आली, तिनं पोरीला उचलून छातीशी धरलं. आणि मग तिनं स्वतःच तिला परत खाली ठेवलं, पुन्हा चालताना बघायला. दोघी बाया रडत होत्या आणि हसत होत्या. त्या दिवशीची खिचडी करपली, सांगून ठेवते, आणि कोणी एक शब्द बोललं नाही.

त्यानंतर रीना थांबलीच नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मोहाचे दिवस आले तेव्हा जमुनानं विचारलं, “बाई, आता हिले बांधू का नाई?” धुरपताबाई म्हणाली, “बांधू नको वं. आता कुठं पाय फुटले तिले.”

त्या पहाटे जमुना आणि जंगलू दोघंही मोहाखाली गेले होते. उशीर झाला की गुरं फुलं खाऊन टाकतात. रीना झोपली होती, शेजारच्या म्हातारीला लक्ष ठेवायला सांगितलं होतं, आणि म्हातारीला डुलकी लागली. पोर उठली, आईला शोधत मागच्या दारानं निघाली, आणि चालत गेली. पाळ चढली. पाण्याला गेलेल्या बायांनी तिला पाहिलं तेव्हा फार उशीर झाला होता. ह्याच्यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही, आणि सांगायचंही नाही.

माती होऊन गेल्यावर धुरपताबाई त्यांच्या घरी गेली, मी सोबत होते. जमुना भिंतीला टेकून बसली होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, “तूच चालवली वं बाई तिले. तूच बांधू नको म्हटली.”

दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवायला गेले तर चुलीशी लाकडं आणून ठेवलेली. पाहिलं, तर अंगणातले बांबू. खुंटंसुद्धा उपटून आणली होती. धुरपताबाई आत पोरांना गोल बसवून गाणं म्हणत होती, माझ्याकडे पाठ करून. त्या लाकडांवर मी खिचडी शिजवली. दुसरं काय करणार होते?

तेव्हापासून आमच्या अंगणवाडीत सगळं बसून व्हायला लागलं. बसून गाणी, बसून लाखोळी, बसून मातीचे बैल. धुऱ्यावर जाणं बंद. आमची पोरं बोटांनी अशी तरबेज झाली की म्हाताऱ्यांना सुईत दोरा ओवून द्यायची, आणि अंगणात जरा पळाली की धडाधड आपटायची. धुरपताबाई दिवसभर उंबऱ्यात आडवी बसायची, तोंड बोडीकडे. सुट्टी झाली की प्रत्येक लेकराला हाताला धरून स्वतः घरी पोचवायची, त्या गुडघ्यांनी, टोल्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. घरी जाऊन पाणीसुद्धा न पिता पडून राहायची, असं उदाराम मला सांगायचा. गुडघ्यांना टोळीचं, मोहाच्या बियांचं तेल तोच चोळायचा.

आमच्या पर्यवेक्षिका दीप्ती म्याडम कुडव्याला राहायच्या. गाडीनं सालेकसा, तिथून कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आमच्याकडे. त्यांनी एकदा विचारलं, “बाई, मुलांचे मैदानी खेळ बंद का केले?” धुरपताबाई म्हणाली, “पाय दुखतात म्याडम.” त्या बिचारीलाही उन्हातून अजून दोन गावं करायची होती. तिनं तांब्याभर पाणी प्यायलं, बाईच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं आणि गेली.

पुढे जमुनाला मुलगा झाला, रूपेश. तो रांगायला लागला त्या दिवशी जमुनानं आपल्या निळ्या लुगड्याची पट्टी फाडली आणि त्याला छपरीच्या खांबाला बांधलं. मोहाच्या दिवसांपुरतं नाही. रोज. सकाळी उठल्यापासून रात्री कुशीत घेईपर्यंत. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. अंगणवाडीत ती त्याला पाठवायची नाही, म्हणून त्याचा खाऊ मी घरी नेऊन द्यायचे. छपरीतल्या जमिनीवर खांबाभोवती एक गोल पडला होता. पट्टी जिथपर्यंत जाईल तिथपर्यंतची जमीन गुळगुळीत, त्याच्या बाहेर शेणाचं सारवण जसंच्या तसं. त्या गोलात रूपेश बसलेला असायचा, खडे वेचत. मला पाहून हसायचा. इतकं गोड पोर होतं.

मी धुरपताबाईला सांगितलं की ती म्हणायची, “आज डाळ जराशी जास्त टाक.” पुन्हा सांगितलं की म्हणायची, “पाणी भरलं का?” दीप्ती म्याडमनं फार मागे लागून जंगलूला रूपेशला घेऊन गोंदियाला पाठवलं. डॉक्टरनं पाय पाहिले, पाठ पाहिली. जंगलू मुळात कमी बोलणारा माणूस, रस्त्यात मला भेटला तर म्हणाला, “डॉक्टर म्हणते, काई नाई झालं, चालवा. जमुना म्हणते, नाई.” आणि सायकल हातात धरून पुढे गेला.

रूपेशला तीन वर्षं झाली आणि माझं डोकंच फिरलं. पोरांसमोरच मी भांडले. “तुले काय वाटते, तू दारात बसून राहिली म्हून बोडी आटन का?”

“तू खिचडी पाह्य,” ती म्हणाली.

“खिचडी गेली चुलीत! त्या पोराले तू पाहून त ये एकदा.”

“कोणत्या तोंडानं जाऊ वं मी तिच्या दारात? सांग ना, कोणत्या तोंडानं?”

 मी पण माणूसच आहे, मीही थकले होते, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी खाऊ घेऊन गेले तेव्हा रूपेश खांबाला धरून उभा राहिला आणि माझ्याकडे निघाला. दोन पावलं, तीन पावलं, वाकडीतिकडी. मला वाटलं, आता पट्टीचा हिसका बसेल आणि पोर पडेल. पण हिसका बसलाच नाही. पट्टी अजून ढिली होती आणि तो आपणहून थांबला. पुढे पाय टाकायचा तो टाकलाच नाही, हात पुढे करून उभा राहिला, मी येईन म्हणून.

मी परत आले तेव्हा धुरपताबाई पोरांचे हात धूत होती. मी सांगितलं. तिचे हात पाण्यातच राहिले.

“ताणायच्या आदीच?”

“हाव. आदीच थांबून राहिला.”

“माय वं,” ती म्हणाली. ह्या वेळी पोरं हसली नाहीत.

त्या दिवशी सगळी पोरं घरी पोचवून झाल्यावर ती माझ्या घराकडे वळली नाही, आपल्याही घराकडे वळली नाही. सरळ जमुनाच्या अंगणात गेली, मी मागोमाग. जमुना सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

“कायले आली?”

“बसाले.”

धुरपताबाई त्या गोलाच्या कडेला खाली बसली. रूपेश उठला, खांब सोडला, तिच्याकडे तसाच वाकडातिकडा आला, आणि पट्टी ढिली असतानाच थांबला. तिच्या नाकापासून हातभर अंतरावर. बाईनं तोंडाला पदर लावला आणि अशी रडायला लागली की मला बघवेना. ज्या दिवशी रीना गेली त्या दिवशीही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

जमुना सूप पाखडत राहिली. मग म्हणाली, “रडून काय होते? चालला त जाईन तो. तिच्यासारखाच जाईन. एक लेकरू तुज्या म्हणण्यानं सोडलं मी.”

“हाव,” धुरपताबाई म्हणाली. “मीच म्हटलं होतं.”

 चूक कबूल करून लोक पुढे जे बोलतात, पण असं होतं आणि पण तसं होतं, त्यातलं काहीच नाही. नाक पुसलं, जमिनीला हात टेकले, खांबाला धरून उठली. आणि उठली तशी खांबाची गाठ सोडायला लागली.

जमुनानं सूप टाकलं. “हात नको लावू!”

“सोडून नाई राहिली मी त्याले.” तिनं पट्टीचं ते टोक आपल्या कमरेभोवती घेतलं आणि गाठ मारली. “बांधलेलाच राहू दे. पण खांबाले नको. खांब चालत नाई वं जमुना. मी चालतो. मी जिकडं जाईन तिकडं तो, तो जाईन तिकडं मी. तो पाण्यात गेला त मी बी गेली, समजून घे.”

 जमुना पुढे आली, धुरपताबाईच्या कमरेची गाठ तिनं बोटानं हलवून पाहिली, सोडली, आणि दात ओठ खाऊन पुन्हा मारली. दुहेरी. एवढी घट्ट की बाई कण्हली.

“संध्याकाळी मीच सोडन,” जमुना म्हणाली. “तू सोडायचं नाई.”

असं ते सुरू झालं. रोज सकाळी जमुना गाठ मारून द्यायची, रोज संध्याकाळी सोडायची. मधला सगळा दिवस धुरपताबाई आणि ते पोर एका पट्टीला. सुरुवातीला तो चार पावलं टाकून थांबायचा, मग तिला चार पावलं टाकावी लागायची, मग तो पुन्हा चार. काही दिवसांनी त्याला उमगलं की हा खांब आपल्यामागून येतो. झालं! मग काय विचारता! बकरीमागे, कोंबडीमागे, दुसऱ्या पोरांमागे. तो ओढायचा आणि ही मागून लंगडत. तो पडला की हीही पडायची. गावाला तमाशाच मिळाला. पानठेल्यावरचा एक जण म्हणाला, “काय धुरपताबाई, यंदाच्या पोळ्याले बैल कोणता, हा का तू?” मी त्याला तिथंच असं झाडलं की पुढे महिनाभर मला पाहिलं की तो ठेल्याच्या मागे जायचा.

जंगलूनं एका सकाळी आमच्या अंगणात खुंटं रोवली आणि नवे बांबू बांधले. रूपेशची बोटं आधीच तयार होती, खडे वेचून वेचून. पण अंगाला काहीच माहीत नव्हतं. उंबरा उतरायचा म्हटलं की घाबरून बसायचा. उडी म्हणजे काय ते कळायचं नाही, गुडघे वाकवायचा आणि तसाच राहायचा, पाय जमीन सोडायचेच नाहीत. धुरपताबाईनं त्याला पोटावर पालथा करून उंबरा उतरवला, आधी पाय, मग पोट, मग हात. धुऱ्यावर नेला, आता बाकीची पोरंही रांगेत होतीच. चिंध्यांचा चेंडू करून फेकायला लावला. एक दिवस त्याचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, बोटभरच सुटले असतील, आणि तो स्वतःच इतका दचकला की सगळे हसून लोळले.

पण बाई संपत चालली होती. गुडघे सुजून मडक्यासारखे झाले होते. दुपारी पोरं झोपली की तीही त्याच्या शेजारी चटईवर आडवी व्हायची, झोपेतही कण्हायची. मी म्हटलं, “आता पुरे कर वं. चालून राहिला ना तो?”

“चालून राहिला,” ती म्हणाली. “पण मोह येऊन राहिला ना. जमुना जंगलात जाईन. मी किती दिवस पुरणार हाय त्याले? मी मेली त पुन्हा खांबच.”

मग एका दुपारी ती त्याला घेऊन पाळीवर चढली.  फाल्गुन लागला होता, बोडीचं पाणी खाली गेलं होतं, कडेला ओला निसरडा चिखल आणि बेशरमाची झाडं. ती आधी खाली उतरली, घसरत, बसत, माय वं म्हणत, आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, “ये. बुडावर बस अन् ये.” रूपेश घसरत पाण्यापर्यंत आला. “आता पालथा हो. उंबऱ्यावर करतोस तसा. मुळी धर. चढ.” तो चढला, घसरला, चिखल तोंडात गेला, रडला. “चढ.” पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाण्याची भीती नको असं तिनं कधी म्हटलं नाही. पाण्यातून बाहेर कसं यायचं एवढंच ती त्याला रोज शिकवत होती. मी पाळीवर उभी राहून जमुनाच्या घराकडे बघत राहायचे.

एक दिवस जमुनानं पाहिलंच. सरपणाची मोळी डोक्यावरून फेकून ती पाळीवर धावत आली. खाली बोडी, बोडीत धुरपताबाई, आणि घोट्याएवढ्या पाण्यात रूपेश. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी एकदाच आधी ऐकला होता, रीना गेली त्या दिवशी. मी तिला धरायला गेले, तिनं मला ढकलून दिलं.

धुरपताबाई खालून पोराला म्हणाली, “मायकडं जा.”

रूपेश पालथा झाला. एक हात मुळीला, एक पाय खाचेत. घसरला. जमुना हात पुढे करून वाकली आणि तशीच राहिली, कारण तो पुन्हा चढायला लागला होता, रडत नव्हता, जीभ बाहेर काढून एकेक मुळी धरत होता. पाळीवर पोचला आणि चिखलानं भरलेला उभा राहिला. पट्टी आता खालपर्यंत ताणलेली होती. खाली धुरपताबाईला वर येता येईना. तिनं एक पाय उचलला आणि तो परत पाण्यात पडला.

जमुना गुडघ्यांवर बसली. पोराच्या कमरेची गाठ ओली होऊन आवळली होती, बोटांना सुटेना. तिनं दातांनी सोडली. पट्टी हातात राहिली. मला वाटलं, आता उचलून घेते आणि घरी नेऊन खांबाला बांधते. तिनं उचललं नाही.

पाळीवर पलीकडे एक बकरी चरत होती. रूपेश तिच्याकडे निघाला. एक पाऊल, दोन, चार. आणि थांबला. कमरेला काही नव्हतं, तरी थांबला, बरोबर तिथंच, जिथं पट्टी संपली असती. मागे वळून आईकडे पाहिलं, ती येईल म्हणून.

आम्ही तिघींनी ते पाहिलं. जमुनाचा हात त्याच्याकडे उठला होता. तो तिनं हळूहळू खाली घेतला.  

“जा,” ती म्हणाली. “जा ना माया राजा. जा.”

त्यानं जरा विचार केला. मग पुढचा पाय टाकला.

“कुसुम,” खालून धुरपताबाईचा आवाज आला, “मले काढा वं कोणी. पाय गेले माझे.”

पट्टीचं दुसरं टोक अजून तिच्या कमरेला होतं. जमुनानं पट्टी मनगटाला गुंडाळली, मी तिच्यामागे धरली, आणि आम्ही दोघींनी त्या जड बाईला ओढत वर आणलं. ती चिखलात आडवीच झाली, डोळे मिटून. जरा वेळानं म्हणाली, “पोट्टा कुठं गेला?”

जमुना तिच्या शेजारी बसली होती, ओली पट्टी मांडीवर. तिची नजर पाळीवरून हलली नव्हती.

“दिसून राहिला,” ती म्हणाली. “मले दिसून राहिला, बाई. तू पडून राह्य.”